‘कळविले’ : परिचारिकांच्या ताणाचे एक न वाचलेले साहित्य

भंडाऱ्यात माझे टंकलेखन, झेरॉक्स आणि बायंडिंगचे दुकान आहे. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटले, पण हातातून जाणारा कागद वाचल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही ही सवय सुटली नाही. माझे जे काही शिक्षण झाले ते या दुकानातच, गिऱ्हाइकांच्या कागदांवर. त्यात गेल्या वीस वर्षांत एका प्रकारचे कागद फार आले. नर्सिंगचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुली शेवटच्या वर्षाला लघुप्रबंध लिहितात आणि त्यातल्या बऱ्याच जणींचा विषय ठरलेला असतो : परिचारिकांवरील मानसिक ताण. कधी ‘ताण आणि त्याला तोंड देण्याच्या पद्धती’, कधी ‘रात्रपाळी आणि मानसिक स्वास्थ्य’, कधी ‘कामातील समाधान’. प्रबंध इंग्रजीत असतात. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते टाइप करत गेलो, आणि टाइप करता करता कळू लागले. हा लेख त्या वाचनातून आलेला आहे. कादंबऱ्यांची समीक्षा होते, कवितांची होते. या प्रबंधांची कोणी करत नाही, कारण ते साहित्य आहे असे कोणाला वाटत नाही. मला वाटते.

या प्रबंधाचा साचा आता मला पाठ आहे. पहिल्या प्रकरणाची सुरुवात बहुधा फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या दिव्याने होते. मग ताणाच्या व्याख्या. मग जवळच्या एक-दोन रुग्णालयांतल्या, सोयीने मिळालेल्या परिचारिका. त्यांना प्रश्नावली दिली जाते : गेल्या महिन्याभरात किती वेळा चिडचिड झाली, झोप किती वेळा मोडली, आपल्याकडून काही होणार नाही असे कितीदा वाटले. उत्तरे शून्य ते चार. बेरीज करून ताणाचे तीन गट पाडतात : सौम्य, मध्यम, तीव्र. मी टाइप केलेल्यांत बहुसंख्य परिचारिका मध्यम गटात निघतात. नंतर वय, विवाह, मुलांची संख्या, नोकरीची वर्षे यांच्याशी ताणाचा संबंध आहे का, हे काय-स्क्वेअर चाचणीने पाहतात. शेवटच्या प्रकरणात शिफारशी : योग, प्राणायाम, समुपदेशन, ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा.

या मुलींची थट्टा करायची नाही. त्या स्वतः दिवसभर वॉर्डात उभ्या राहून रात्री लिहितात आणि सकाळी डोळे चोळत पेनड्राइव्ह घेऊन दुकानात येतात. माझे भांडण साच्याशी आहे. या साच्यात वाक्याचा कर्ता नेहमी परिचारिकाच असते. ती चिडते, ती थकते, तिला झोप येत नाही, तिने श्वास कसा घ्यावा हे तिला शिकवावे. रुग्णालय हा शब्द फक्त ‘संशोधनाचे स्थळ’ या मथळ्याखाली येतो.

माझी मोठी बहीण सरकारी दवाखान्यांत चौतीस वर्षे नोकरी करून परिसेविका म्हणून निवृत्त झाली. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. दवाखान्यात तिला पुढे ‘सिस्टर’ लागले, पण खेड्यातले रुग्ण तिलाही बाईच म्हणत. एकदा दुकानात राहून गेलेली कोरी प्रश्नावली मी तिला दिली. चष्मा लावून तिने ती शेवटपर्यंत वाचली, एकही खूण केली नाही आणि परत दिली. म्हणाली, “यात मले माझंच विचारलं आहे. रात्री ड्युटीवर किती जणी होतो ते कुठं विचारलं?”

मग ती उठली आणि कपाटातून सात वह्या घेऊन आली. त्या वह्यांची गोष्ट मला अर्धवट माहीत होती. कोणत्या गावच्या दवाखान्यात ते सांगत नाही. बरीच वर्षे झाली आणि तिथले लोकही आता नाहीत. बाईच्या वॉर्डातले ऑक्सिजनचे सिलिंडर एका रात्री संपले. भरलेली सिलिंडरे स्टोअरमध्ये होती, स्टोअरला कुलूप होते आणि किल्ली ज्याच्याकडे तो घरी गेला होता. वॉचमनने कुलूप तोडले म्हणून रुग्ण वाचला. चार दिवसांनी बाईला कारणे दाखवा नोटीस आली : सिलिंडर संपत आल्याची पूर्वसूचना आपण का दिली नाही? पूर्वसूचना तिने सलग तीन दिवस वॉर्डाच्या रिपोर्ट बुकात लिहिली होती. त्या पानांच्या नकला जोडून तिने उत्तर दिले. पुढे काहीच झाले नाही. नोटीस मागे घेतली असे कोणी म्हटले नाही, चूक तुमची नव्हती असेही नाही. प्रकरण दफ्तरी दाखल झाले. त्या दिवसापासून बाईने रिपोर्ट बुकात लिहिताना खाली कार्बन घातला. रुग्णांची नावे नसत, फक्त वॉर्डाच्या गरजांची पाने. हे नियमात बसते का, हे मी तिला विचारलेले नाही.

वॉर्डाची रिपोर्ट बुक म्हणजे एका पाळीने दुसऱ्या पाळीला दिलेला निरोप. किती रुग्ण, कोण गंभीर, कोणाचे रक्त आणायचे, काय संपले, काय बंद आहे. भाषा आखूड. “सक्शन मशीन बंद. कळविले.” “नळाला पाणी नाही. कळविले.” “एका नर्सवर दोन वॉर्ड. मेट्रन मॅडमना कळविले.” “खिडकीचे तावदान फुटले, लहान मुलांना थंडी लागते. पुन्हा कळविले.” एका पानावर मी मोजले, ‘कळविले’ हा शब्द अकरा वेळा आला आहे. कर्ता नाही, बहुतेक ठिकाणी कर्मही नाही. कोणी कळविले हे वाक्य सांगत नाही आणि ते कोणाला कळले हे तर नाहीच. काही ठिकाणी ‘पुन्हा’च्या खाली रेघ आहे. सात वह्यांत राग दिसतो तो एवढाच, त्या रेघेत.

माझ्या मते परिचारिकांच्या मनावर आपल्याकडे जे खरे लिहिले गेले आहे ते या रिपोर्ट बुकांत आहे, आणि ते लघुप्रबंधांच्या नेमके उलट आहे. प्रबंधात परिचारिकेचे मन आहे, वॉर्ड नाही. रिपोर्ट बुकात वॉर्ड आहे, मनाबद्दल अक्षर नाही. तरी मन दिसते.

भंडाऱ्यात राहून हा विषय लिहायचा तर ९ जानेवारी २०२१ टाळता येत नाही. त्या शनिवारी पहाटेच्या अंधारात, दीड-दोनच्या सुमारास, जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशूंच्या विशेष कक्षात आग लागली. कक्षात १७ बाळे होती. ७ वाचली, १० गेली. काही भाजून, बहुतेक धुराने गुदमरून. कक्षाचे दोन भाग होते : याच रुग्णालयात जन्मलेली बाळे एकीकडे, बाहेरून आणलेली दुसरीकडे. वाचली ती पहिल्या भागातली. बाहेरून आणलेली म्हणजे आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतून, मजुरी करणाऱ्या घरांतून आलेली. त्या आयांविषयी मी इथे काही लिहिणार नाही. लिहिण्याची माझी लायकी नाही. पण पुढे जे लिहितो ते त्यांना विसरून लिहिलेले नाही, एवढे वाचकांनी धरून चालावे.

आगीनंतर मुंबई-दिल्लीहून मंत्री आले, चौकशी समिती नेमली गेली. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरपासून आग सुरू झाली, असे चौकशीनंतर सांगण्यात आले. रुग्णालयाच्या इमारतीत अग्निसुरक्षेची व्यवस्था पुरी नव्हती आणि तिचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर अडकला होता, हेही वर्तमानपत्रांत आले. २१ जानेवारीला आरोग्यमंत्र्यांनी कारवाई जाहीर केली. जिल्हा शल्यचिकित्सक, एक वैद्यकीय अधिकारी आणि कक्षाच्या प्रभारी परिचारिका निलंबित झाल्या. कंत्राटी असलेल्या बालरोगतज्ज्ञाची आणि दोन कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली. हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा : निलंबन आणि सेवासमाप्ती. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळतो, खात्याची चौकशी होते, त्याला आपले म्हणणे मांडता येते. कंत्राटी परिचारिकेला यातले काही नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या मुलींचा करार बहुधा अकरा महिन्यांचाच असतो. फेब्रुवारीत त्याच दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला. परिचारिकांच्या संघटनांनी निषेध केला. गुन्हा नोंदवणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे, आणि त्या रात्री कोणाच्या हातून काय राहिले हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. मला फक्त कागदाचा प्रवास दिसतो. प्रस्ताव वर जात होता तेव्हा त्याला महिने लागले. जबाबदारी खाली यायला लागली तेव्हा तिला सव्वा महिना पुरला.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले. तिथे तीन दिवसांत चौघींना अटक झाली : एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका. कोलकात्याची गोष्ट याहून वेगळी आणि तरीही तीच आहे. डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात लागलेल्या आगीत सुमारे नव्वद माणसे गेली. केरळहून आलेल्या दोन तरुण परिचारिका रुग्णांना बाहेर काढत राहिल्या आणि धुरात गुदमरून वारल्या. देशाने त्यांना वीरांगना म्हटले आणि ते योग्यच होते. पण त्या ओळी वाचताना माझ्या मनात येते, त्या जगल्या असत्या आणि त्यांच्या वॉर्डातला एखादा रुग्ण दगावला असता, तर त्यांच्यावर काय लिहिले गेले असते? आग एकच, इमारतीचा दोष एकच. आपल्याकडे परिचारिकेसाठी दोनच भूमिका तयार आहेत, आणि कोणती मिळणार हे ती जिवंत राहते की नाही यावर ठरते.

या भूमिका कुठून आल्या ते शोधताना मी शब्दांपर्यंत गेलो. आपण ज्याला शुश्रूषा म्हणतो तो शब्द ‘श्रु’ म्हणजे ऐकणे या धातूपासून आला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. शिष्याने गुरूचे ऐकावे, सेवकाने स्वामीचे ऐकावे. ऐकण्यातून आज्ञापालन आणि त्यातून सेवा असा अर्थ सरकत गेला. सरकारी मराठीने पदांची नावे त्याच घराण्यातली केली : परिचारिका, अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. पद जसजसे चढते तसा उपसर्ग बदलतो, सेवा मात्र खाली तशीच राहते. डॉक्टरला आपण वैद्यकीय ‘अधिकारी’ म्हणतो. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत २०१६ साली स्टाफ नर्सचे ‘नर्सिंग ऑफिसर’ झाले. नुसते नाव बदलून काय होते, असे पुष्कळ जण म्हणाले. होत नसेलही. पण ज्यांचे नाव पहिल्यापासून अधिकारी होते त्यांनी ते म्हणू नये.

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुण चार : शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, स्वच्छता आणि रोग्याविषयी अनुराग. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा आनंद झाला, कारण परिचारकाला इथे वैद्याच्या शेजारचा पाय मानले आहे, वैद्याचा हात नव्हे. दुसऱ्यांदा वाचताना चौथ्या गुणापाशी अडखळलो. ज्ञान, दक्षता, स्वच्छता शिकवता येतात, तपासता येतात. अनुराग ही भावना. ती कामाच्या यादीत घातली की ती पुरवावी लागते, आणि पुरवठा संपला तरी दाखवावी लागते.

या एका गोष्टीवर हिंदीत फार चांगला चित्रपट आहे : असित सेन यांचा ‘खामोशी’, १९६९चा. आशुतोष मुखर्जींच्या बंगाली कथेवर त्यांनीच आधी ‘दीप जेले जाई’ केला होता, १९५९ मध्ये, सुचित्रा सेनला घेऊन; हिंदीत वहिदा रहमान आहे. मनोरुग्णालयाचे प्रमुख कर्नलसाहेब एक प्रयोग करतात. प्रेमभंगाने भ्रमिष्ट झालेल्या रुग्णावर परिचारिकेने प्रेमाचा अभिनय करायचा. रुग्ण बरा झाला की अभिनय संपला. राधा पहिल्या रुग्णाला बरे करते, तो आपल्या वाटेने निघून जातो आणि ती आतून मोडते. हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण प्रयोग यशस्वी झालेला असतो. दुसरा रुग्ण येतो, पुन्हा तिलाच बोलावतात. शेवटी राधा स्वतः त्या रुग्णालयात रुग्ण होते. चित्रपट बहुतेकांना गाण्यांसाठी आठवतो, आणि माझ्याही पिढीने तो राजेश खन्नाचा म्हणून पाहिला. आता पाहताना मला त्यातली नोकरी दिसते. राधा नकार देऊन पाहते. कर्नलसाहेबांच्या विज्ञानापुढे तो नकार टिकत नाही. तिचे कोसळणे प्रेमकथेचा शेवट म्हणून दाखवले आहे, म्हणून आपण डोळे पुसतो. त्याला कामावर झालेली इजा म्हटले असते तर आपण विचारले असते की ड्युटी कोणी लावली.

असित सेन यांच्यानंतर चौदा वर्षांनी, १९८३ साली, आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी या कामाला नाव दिले : भावनिक श्रम. त्यांनी अभ्यास केला तो विमानातल्या हवाईसुंदरींचा आणि थकलेली बिले वसूल करणाऱ्यांचा. एकीला पगारासाठी हसावे लागते, दुसऱ्याला पगारासाठी दरडावावे लागते. आमच्या मुलींच्या प्रबंधांत हॉकशिल्डचे नाव क्वचित येते. सतत येते ते क्रिस्टिना मास्लाक यांचे. त्यांची १९८१ची बावीस विधानांची मोजपट्टी आज जगभर वापरली जाते. ती तीन गोष्टी मोजते : भावनिक थकवा, माणसाला वस्तूसारखे वागवणे आणि आपल्या हातून काही घडते आहे ही जाणीव. गंमत अशी की मास्लाक यांनी पुढे स्वतःच, मायकेल लायटर यांच्याबरोबर, थकव्याची मुळे कामाच्या जागेत शोधली : कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांची सोबत, न्याय आणि मूल्ये. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये हा थकवा कामाशी जोडलेली घटना म्हणून नोंदवला, आजार म्हणून नाही. आमच्याकडे मात्र त्यांची पट्टी आली आणि त्यांचा विचार वाटेतच राहिला. पट्टी फुकट झेरॉक्स करता येते. विचार केला तर प्रश्न वॉर्डाच्या दाराबाहेर, थेट वरच्या मजल्यावर जातो.

याच संदर्भात मला सर्वांत मोठा वाटतो तो एक जुना निबंध. इझाबेल मेन्झीस या मनोविश्लेषक बाईंनी लंडनच्या एका शिकाऊ रुग्णालयातल्या परिचारिकांवर तो १९६० च्या सुमारास लिहिला. एका विद्यार्थिनीने तो मोबाइलवर उतरवून मला दिला आणि तिच्यापेक्षा मीच तो जास्त वेळा वाचला. रुग्णालयाने मेन्झीस यांना बोलावले ते वॉर्डांतल्या कामाची गरज आणि शिकाऊ मुलींचे शिक्षण यांचा मेळ बसत नव्हता म्हणून. सुमारे एक तृतीयांश मुली शिक्षण अर्ध्यावर सोडून जात होत्या. त्यांनी पाहिले की मृत्यू, वेदना, नागडे शरीर यांच्या इतक्या जवळ राहणाऱ्या माणसाला भय वाटणारच, आणि त्या भयापासून वाचण्यासाठी संस्थेने नकळत एक यंत्रणा उभी केली आहे. एका रुग्णाचे सगळे एका परिचारिकेकडे द्यायचे नाही, कामाचे तुकडे करायचे. रुग्णाला नावाने नव्हे तर खाटेच्या क्रमांकाने आणि अवयवाने ओळखायचे. प्रत्येक निर्णय दोन-तीनदा तपासून घ्यायचा, म्हणजे तो कोणाचाच राहत नाही. मुलींना या वॉर्डातून त्या वॉर्डात फिरवत राहायचे. या सगळ्याने भय कमी होत नाही. त्यात भर पडते ती निरर्थकतेची. आणि ज्या मुली सोडून जातात त्यांत चांगल्या मुली कमी नसतात.

‘दहा नंबरचे यकृत’ हे त्या निबंधातले उदाहरण वाचले तेव्हा मी बाईला विचारले, आपल्याकडे काय म्हणायचे? ती लगेच म्हणाली, “सातवाली सिझर, दारातला फ्रॅक्चर.” मग थोडी थांबून म्हणाली, “नाव लक्षात राहिलं ना, तर घरी येते तो माणूस आपल्यासोबत.” मास्लाकच्या पट्टीवर हे परिचारिकेच्या मनाचे लक्षण ठरेल, गुण वाढतील. मेन्झीसच्या वाचनात ती संस्थेने तिच्या हाती दिलेली ढाल आहे. दोन्ही वाचने खरी असू शकतात. पण पहिल्यातून समुपदेशन निघते आणि दुसऱ्यातून रुग्णालयाचे काम कसे वाटायचे हा प्रश्न.

आता एका अवघड संज्ञेविषयी. २००० साली अल्बर्ट वू या अमेरिकन डॉक्टरांनी उपचारातल्या चुकीनंतर कोसळणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांसाठी ‘दुसरा बळी’ असा शब्द वापरला. तो खूप चालला. २०१९ मध्ये ज्यांची माणसे चुकीच्या उपचाराने गेली होती अशा कुटुंबीयांनी त्याच वैद्यकीय नियतकालिकात लिहून मागणी केली की हा शब्द टाकून द्या. ज्याच्या हातून इजा झाली त्याला बळी म्हणू नका. भंडाऱ्यातली माणसे दुकानात येतात, त्यांत त्या खेड्यांतली असतात. त्यांच्यासमोर मी ‘दुसरा बळी’ हा शब्द उच्चारू शकणार नाही. म्हणून मला तो नको वाटतो. पण तो नाकारून परिचारिकेला आरोपीच्या रकान्यात ढकलायचे हेही पटत नाही. या दोन रकान्यांच्या बाहेर तिला उभे राहायला जागा हवी, आणि ती जागा म्हणजे साक्षीदाराची. काय बंद होते, कोणाला कळवले होते, किती जणी होत्या, हे सर्वांत जास्त तिलाच माहीत असते. आयांनाही तेच जाणून घ्यायचे असते. साक्षीदाराला आरोपी केले की तो बोलायचा थांबतो. पुढच्या आगीची माहितीही तिथेच थांबते.

यावर एमी एडमंडसन यांचे काम फार उद्बोधक आहे. नव्वदच्या दशकात त्या रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका अभ्यासत होत्या. ज्या वॉर्डात माणसे मिळून-मिसळून काम करतात तिथे चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले : चांगल्या वॉर्डात चुका जास्त. मग उलगडा झाला की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. ज्या वॉर्डातली मुख्य परिचारिका डोळे वटारत नाही तिथे मुली बोलतात. आपल्याकडे रुग्णालयाच्या नोंदीत चुका शून्य दिसल्या की शाबासकी मिळते.

कायद्यातही हा फरक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले की डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा चालवण्याआधी स्वतंत्र, जाणकार वैद्यकीय मत घ्यावे. डॉक्टरांना धास्तीने काम करावे लागू नये हा त्यामागचा विचार. मग परिचारिकेची धास्ती कोणत्या खात्यात जमा करायची? अमेरिकेतही २०२२ मध्ये टेनेसी राज्यात एका परिचारिकेला चुकीचे औषध दिल्याबद्दल फौजदारी दोषी ठरवले गेले. तिने आपली चूक लपवली नव्हती, स्वतः सांगितली होती. शिक्षा तुरुंगाची झाली नाही, परिवीक्षेवर सुटली. पण तिथल्या परिचारिकांनी त्या निकालातून काय धडा घेतला असेल ते सांगायला काय-स्क्वेअर नको.

आपल्या महाराष्ट्रात परिचारिका एकदा वेगळ्या रीतीनेही बोलल्या आहेत. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर कामाच्या जागीच अमानुष हल्ला झाला. पुढची ४२ वर्षे, १८ मे २०१५ ला ती जाईपर्यंत, तिथल्या परिचारिकांनी पिढ्यांमागून पिढ्या तिला सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाने २०११च्या निकालात त्यांचे मनापासून कौतुक केले. ते कौतुक सर्वांना आठवते. हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता आणि अरुणाच्या देखभालीबरोबर आपल्या कामाच्या परिस्थितीविषयीही मागण्या केल्या होत्या, हे फार थोड्यांना आठवते. सेवेची गोष्ट टिकली, मागणीची पुसट झाली.

प्रबंधांच्या पहिल्या पानावरच्या त्या दिव्याचेही असेच झाले. १८५४ साली नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धात गेली आणि परतल्यावर तिने जे केले ते आकडेमोडीचे काम होते. कोणत्या महिन्यात किती सैनिक कशाने मेले याची तिने १८५८ मध्ये वर्तुळाकार रंगीत आकृती काढली, आणि गोळ्यांनी नव्हे तर टाळता येण्यासारख्या रोगांनी सर्वाधिक माणसे मारली हे डोळ्यांना दाखवून दिले. त्या मृत्यूंचे कारण तिने परिचारिकांच्या स्वभावात शोधले नाही. गटारे, हवा, गर्दी, पाणी याकडे बोट दाखवले आणि ते बोट युद्धखात्याच्या दिशेने होते. तीही एका अर्थाने रिपोर्ट बुकच लिहीत होती. फरक एवढाच की तिचे ‘कळविले’ मंत्र्यांना वाचावे लागले. आपण मात्र आकृती बाजूला ठेवून तिच्या हातात दिवा दिला, आणि १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिनाला तोच लावतो.

यंदा उन्हाळ्यात एक मुलगी तिचा प्रबंध घेऊन आली. विषय तोच. टाइप करता करता मी तिला बाईच्या वह्यांबद्दल सांगितले. ती शांतपणे ऐकत होती. तिची आई आरोग्यसेविका आहे, तिला नवे काही नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने प्रश्नावलीच्या शेवटी आपणहून तीन प्रश्न घातले : काल रात्री तुमच्या पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या? तुमच्या वॉर्डातले आग विझवायचे नळकांडे शेवटचे कधी तपासले गेले? वॉर्डातल्या त्रुटीबद्दल तुम्ही लेखी कळवल्यावर उत्तर आले का?

आठवड्याने ती परत आली. मार्गदर्शक मॅडमनी तिन्ही प्रश्नांवर लाल रेघ मारून शेजारी लिहिले होते की हे घटक मानसशास्त्रीय नाहीत. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “काका, काढून टाका. परवा जमा करायचा आहे.” मी ते तीन प्रश्न काढले आणि पानांचे क्रमांक पुन्हा लावले.